क्रूझचं 'डायमंड' स्टेटस: नेमकं किती रुपयांचं?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'तर' थोडे छाटलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

हा भाग मी गावाकडून, शिरड शहापूरहून रेकॉर्ड करतोय. मागे पिठाची गिरणी ऐकू आली तर समजून घ्या. इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. मोठं पाणी म्हटलं की आमच्याकडे सिद्धेश्वर धरण. आणि विषय काय, तर क्रूझ! पण विषय मी निवडलेला नाही, एका श्रोत्याच्या ई-मेलमधून आलाय. तो वाचला आणि वाटलं, यावर एक अख्खा भाग करावा. कारण प्रश्न क्रूझचा असला तरी गणित विमानाचे माइल्स, हॉटेलचे पॉइंट, क्रेडिट कार्ड, सगळीकडे तेच आहे.

श्रोत्याचा प्रश्न

हे दादा मूळचे वसमतकडचे, आता अमेरिकेत ह्यूस्टनला. घरी नवरा, बायको आणि एक मुलगी. तिकडे क्रूझ ही फार नवलाईची गोष्ट नाही. ह्यूस्टनपासून गाडीने तासाभरावर गॅल्व्हस्टन बंदर आहे आणि तिथून रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल अशा कंपन्यांची जहाजं मेक्सिकोकडे आणि कॅरिबियन बेटांकडे सुटतात. रॉयल कॅरिबियनने तर नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे स्वतःचं टर्मिनल उघडलं. विमानाचा खर्च नाही, गाडी लावली की जहाजावर. त्यामुळे यांच्या बऱ्याच क्रूझ झाल्यात आणि खात्यावर ७१ पॉइंट जमलेत. ८० झाले की 'डायमंड'.

आता यांचे आई-बाबा गावाकडून सहा महिन्यांसाठी येणार आहेत आणि सगळ्यांनी मिळून सात रात्रींची क्रूझ करायची आहे. साध्या केबिनमध्ये रात्रीला एक पॉइंट मिळतो, म्हणजे ७१ आणि ७, झाले ७८. दोनने हुकतंय. पण स्वीट घेतला, म्हणजे मोठी खोली, तर रात्रीला दोन पॉइंट. मग ७१ आणि १४, झाले ८५. डायमंड! स्वीटला बाल्कनीच्या केबिनपेक्षा साधारण ९०० डॉलर जास्त पडतात. ते जमवायला त्यांनी ठरवलंय की आई-बाबांसाठी बाल्कनीऐवजी आतली, बिनखिडकीची केबिन घ्यायची. "त्यांना काय, झोपायलाच तर खोली लागते," असं लिहिलंय. आणि शेवटी विचारलंय, "दादा, डायमंडचा फायदा खरंच होतो का?"

उत्तराकडे जाऊ, पण टप्प्याटप्प्याने.

स्टेटस म्हणजे काय

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक मोठ्या क्रूझ कंपनीचा एक क्लब असतो. फी नसते. तुम्ही जितके दिवस त्यांच्या जहाजावर राहाल तितके पॉइंट. रॉयल कॅरिबियनच्या क्लबचं नाव 'क्राउन अँड अँकर सोसायटी'. तीन पॉइंटला गोल्ड, ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस आणि ७०० ला पिनॅकल.

हे आकडे नीट बघा. आपल्याकडून जे लोक सिंगापूरला जातात ते बहुतेक तीन-चार रात्रींची क्रूझ करतात. चार रात्री धरल्या तर ८० पॉइंटला वीस क्रूझ लागतात. वर्षाला एक केली तर वीस वर्षं. पोरगं बालवाडीत असताना सुरू केलं तर ते इंजिनियर होऊन नोकरीला लागेल तेव्हा तुम्ही डायमंड! आणि ७०० पॉइंट म्हणजे साध्या केबिनमधले शंभर आठवडे, जवळपास दोन वर्षं पाण्यावर. ही शिडी फ्लोरिडा-टेक्सासमध्ये बंदराजवळ राहणाऱ्या निवृत्त माणसाला डोळ्यासमोर ठेवून बांधलेली आहे. पुण्याहून किंवा परभणीहून पाच वर्षांतून एकदा जाणाऱ्याने या क्लबचं सदस्य जरूर व्हावं, फुकट आहे, पण त्याचा विचार करून तिकीट काढू नये. तुमच्यापैकी बहुतेकांसाठी उत्तर इथेच संपलं. ह्यूस्टनच्या दादांसाठी मात्र नाही, कारण ते खरोखर दारात उभे आहेत.

सवलतींचे तीन ढीग

मी असल्या यादीचे तीन ढीग करतो: खिशातले पैसे वाचवणाऱ्या, वेळ वाचवणाऱ्या आणि मन खूश करणाऱ्या.

तिसरा ढीग आधी संपवू. कॉलरला लावायची पिन, खोलीत ठेवलेली पाण्याची बाटली, 'पुन्हा स्वागत' असं लिहिलेलं पत्र, जुन्या प्रवाशांसाठी वेगळा कार्यक्रम. मी याला हसणार नाही. परदेशात राहणाऱ्या माणसाला कुणीतरी नावाने ओळखून 'परत आलात, बरं वाटलं' म्हणतं, त्याची एक किंमत असते. पण ती पैशात मांडता येत नाही, म्हणून हिशेबात शून्य धरायची.

दुसरा ढीग वेळेचा. त्यात सगळ्यात गाजलेली सवलत म्हणजे जहाजावर आधी चढायला मिळणं. हे ऐकलं की आपल्याला लगेच एसटी स्टँड आठवतं. हिंगोलीची गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकायचा, कारण आधी चढेल त्याला जागा. तिथे आधी चढण्याला खरी किंमत आहे. जहाजावर तुमची खोली तुमच्या नावाने ठरलेली असते. शेवटचे चढलात तरी खोली तीच, पलंग तोच. आधी चढून मिळतो तो एखादा तास आणि पहिल्या दुपारचं जेवण. त्यातही बहुतेक कंपन्यांमध्ये ऑनलाइन चेक-इन करताना प्रत्येकाला येण्याची वेळ निवडता येते. चेक-इन उघडल्या उघडल्या केलं तर दुपारची लवकरची वेळ बिनस्टेटसच्या माणसालाही मिळू शकते.

शिवाय रांगेचा एक साधा नियम आहे, आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तो रोज भेटतो. दहातल्या एकाला प्राधान्य दिलं तर त्याला प्राधान्य मिळतं. दहातल्या पाचांना दिलं तर दोन रांगा तयार होतात, एवढंच. लांब सफरींवर, जिथे जुनेच प्रवासी जास्त असतात, तिथे डायमंड लाउंजमध्येच खुर्ची शोधावी लागते.

पहिला ढीग: पैसे

आता खरा माल. डायमंडला रोज माणशी चार पेयांची कुपनं मिळतात. कागदाचं कुपन नसतं, जहाजाच्या कार्डावरच नोंद असते. एक दिवसाचं इंटरनेट मोफत मिळतं. काही बाल्कनी केबिन आणि स्वीटच्या भाड्यात सूट असते, पण ती ठरावीक सफरींवर.

आधी कागदावरचा हिशेब करू. एक कॉकटेल १४ डॉलरचं धरा. रोज चार, सात दिवस, म्हणजे २८. झाले ३९२ डॉलर. त्यावर पेयांना लागणारी १८ टक्के टिप धरली की साधारण ४६२. जोडप्याचे ९२५ डॉलर, म्हणजे डॉलर ९० रुपयांनी ८३ हजार रुपये! यूट्यूबवर 'डायमंडचा फायदा आठवड्याला नऊशे डॉलर' असं सांगतात ते या रस्त्याने येतं.

पण प्रश्न असा विचारा: कुपन नसतं तर तुम्ही स्वतःच्या पैशाने रोज चार कॉकटेल घेतली असती का? एकच घेतलं असतं तर तुमची बचत एकाचीच. वरची तीन फुकट मिळाली, मजा आली, पण खिशातले पैसे त्यातून वाचले नाहीत, कारण ते जाणारच नव्हते.

ह्यूस्टनचे दादा आणि वहिनी तर दारू घेतच नाहीत, असं मेलमध्येच आहे. त्यांच्यासाठी कुपन म्हणजे कॅफेतली कॉफी. दोघांच्या रोज दोन-दोन कॉफ्या, पाच डॉलरने धरा. सात दिवसांत २८ कॉफ्या, १४० डॉलर, टिप धरून १६५. एक दिवसाच्या इंटरनेटचे २५ धरा. झाले १९०. चला, २०० म्हणू. तीच सवलत, तेच कार्ड, पण एका घरासाठी ९२५ आणि दुसऱ्यासाठी २००.

आणि जे सगळ्यांना भरावं लागतं ते स्टेटसने माफ होत नाही. रोजची टिप घ्या, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठी खात्यावर आपोआप लागणारी रक्कम. साध्या केबिनसाठी ती माणशी दिवसाला १८.५० डॉलर धरा. या कुटुंबाची पाच माणसं, सात दिवस: ६४७ डॉलर ५० सेंट. डायमंड असो, प्लॅटिनम असो, हे द्यायचेच. बंदराचा कर वेगळा, उतरून फिरण्याचा खर्च वेगळा. त्यामुळे बजेट मांडताना आधी हे आकडे लिहा, कॉफी नंतर.

आपल्या बाजाराशी ताडून बघा

आमच्याकडे हळद फार. वसमतच्या हळदीला तर २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिंगोली-वसमतच्या बाजारात हळद नेणारा शेतकरी बहुतेक वेळा ठरलेल्या अडत्याकडेच जातो. वर्षानुवर्षांची ओळख असते. गेलं की चहा, बसायला जागा, अडीनडीला उचल. हे सगळं खरं आहे, उपयोगाचं आहे. पण जाणता शेतकरी शेवटी बघतो काय? क्विंटलला भाव किती लागला. शेजारच्या आडतीवर भाव पाचशेने जास्त असेल आणि आपण चहासाठी इथेच माल टाकला, तर तो चहा फार महाग पडला.

क्रूझचंही तसंच. स्टेटस एका कंपनीचं असतं. ते हातात आलं की माणूस दुसऱ्या कंपनीचा भाव बघणं सोडून देतो. कंपनीला नेमकं तेच हवं असतं. गॅल्व्हस्टनहून त्याच आठवड्यात दुसरं जहाज पाच जणांत मिळून ६०० डॉलरने स्वस्त जात असेल आणि तुम्ही २०० डॉलरच्या कॉफीसाठी जुन्याच जहाजावर चढलात, तर ४०० डॉलर तुमचे गेले. यात कुणी फसवलं असं नाही. कंपनी धंदा करतेय. हिशेब आपण करायचा.

उलट एक स्टेटस मला फार आवडतं: आपल्या एसटीचं. ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या पुढच्या माणसाला एसटीचा प्रवास मोफत, ६५ ते ७५ अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. पॉइंट नाहीत, गोल्ड-प्लॅटिनम नाही, ओळखपत्र दाखवलं की झालं. जो खर्च होणारच होता तोच कमी झाला, म्हणून ती सवलत पूर्ण मोलाची. क्रूझच्या सवलतीला हीच कसोटी लावा: जे मी नाहीतरी विकत घेणार होतो, त्यातलं यात काय आहे?

जहाज तेच, पॉइंट कुठे?

आता थोडं मुंबईकडे येऊ. कारण मुंबईच्या बंदरात या विषयाचे दोन चांगले धडे आहेत.

पहिला कॉर्डेलिया क्रूझेसचा. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनी मुंबईहून सफरी सुरू केल्या, 'एम्प्रेस' नावाच्या जहाजावर. गोवा, लक्षद्वीप, आपल्यापैकी बरेच जण जाऊन आलेत. हे जहाज १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेलं, रॉयल कॅरिबियनसाठी. तेव्हा नाव 'नॉर्डिक एम्प्रेस', पुढे 'एम्प्रेस ऑफ द सीज'. करोनाच्या काळात, २०२० च्या शेवटी, ते विकलं गेलं. म्हणजे ज्या डेकवर अमेरिकेतल्या लोकांनी क्राउन अँड अँकरचे पॉइंट जमवले, त्याच डेकवर आपण मुंबई-गोवा करतो. पण पिनॅकलचं कार्ड घेऊन तुम्ही मुंबईत या जहाजावर चढलात तर त्याला काही अर्थ नाही. स्टेटस ना जहाजाचं असतं, ना समुद्राचं. ते फक्त एका कंपनीच्या संगणकातली एक नोंद असते.

दुसरा धडा जलेश क्रूझेसचा. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईत मोठ्या थाटात 'कर्णिका' नावाचं जहाज आलं. भारताची स्वतःची क्रूझ कंपनी म्हणून कौतुक झालं. पुढच्याच वर्षी करोना आला, २०२० मध्ये कंपनी बंद पडली आणि कर्णिका गुजरातमध्ये अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेली. कंपनीच उरली नाही तर तिथल्या जुन्या प्रवाशाच्या निष्ठेचं काय करणार? मुंबईत २०२५ मध्ये नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झालंय, नवी जहाजं येतील, नवे क्लब निघतील, नवी कार्डं मिळतील. तेव्हा कर्णिका लक्षात ठेवा.

नियम त्यांचे

कुणी म्हणेल, रॉयल कॅरिबियन किंवा कार्निव्हल काही बुडत नाहीत. बरोबर. पण नियम बदलतात. कार्निव्हलच्या क्लबमध्ये वर्षानुवर्षं दिवसाला एक पॉइंट हा हिशेब होता. २५ ला गोल्ड, ७५ ला प्लॅटिनम, २०० ला डायमंड. जून २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की हे सगळं बदलणार. पुढे स्टेटस दिवसांवर न ठरता तुम्ही किती पैसे खर्च केले त्यावर ठरणार, आणि मिळवलेली पातळी ठरावीक काळच टिकणार. जुन्या प्रवाशांनी भरपूर आरडाओरडा केला. स्वस्तातली आतली केबिन घेऊन वर्षाला तीन-तीन सफरी करणाऱ्याचं गणितच उलटलं.

कंपनीची बाजूही आहे. जुने प्रवासी वाढत जातात, वरच्या पातळीवर गर्दी होते, सवलती देणं महाग पडतं. अशा वेळी एकतर शिडी उंच करायची, नाहीतर वरचा खाऊ कमी करायचा. त्यामुळे 'आत्ता पैसे टाकू, पुढची वीस वर्षं वसूल करू' या हिशेबात वीस वर्षं धरायचीच नाहीत. फार तर पुढच्या दोन-तीन सफरी धरा.

उलट दिशेने एक रस्ता मात्र उघडा आहे. काही कंपन्या दुसऱ्याचं स्टेटस बघून आपलं देतात. युरोपातली एमएससी त्यासाठी ओळखली जाते: दुसऱ्या क्रूझ कंपनीचं किंवा हॉटेलच्या साखळीचं कार्ड दाखवून त्यांच्या क्लबात वरच्या पातळीवर जाता येतं. रॉयल कॅरिबियनच्या घरातल्या सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी या कंपन्यांमध्येही आपसात पातळी जुळवून देतात. जे अर्ज भरून मिळतंय त्यासाठी ९०० डॉलर का मोजायचे?

कुणाला खरंच फायदा होतो

एकतर्फी बोलायला नको. वर्षाला दोन-तीन सफरी करणारा, रोज दोन-तीन पेयं नाहीतरी विकत घेणारा आणि एकाच बंदराजवळ राहणारा माणूस असेल तर डायमंड पातळी चांगली किंमत देते. लांब सफरीत कपडे धुऊन मिळणं, ही काही कंपन्यांची सवलत, दिसायला किरकोळ पण कामाची. एकट्याने प्रवास करणाऱ्याला बऱ्याचदा दोघांचं भाडं भरावं लागतं. रॉयल कॅरिबियनमध्ये ३४० पॉइंटच्या पुढे ते दीडपटीवर येतं. तो खरा पैसा आहे. आणि ७०० ला पिनॅकल होताना एक मोफत सफर मिळते. पण हे सगळे लोक स्टेटस नसतं तरी गेलेच असते. सफरींची आवड आधी, पॉइंट त्यातून आपोआप पडले. फायदा त्यांनाच होतो.

आता दादांचं उत्तर

दादा, तुमच्या मेलमध्ये तीन गोष्टी निसटल्यात.

एक. या सफरीचे पॉइंट ही सफर संपल्यावर जमा होतात. म्हणजे स्वीट घेतला तरी आई-बाबांसोबतच्या या सात दिवसांत तुम्ही एमराल्डच. डायमंडची पहिली कॉफी तुम्ही पुढच्या सफरीत पिणार. आई-बाबा तेव्हा वसमतला परत गेलेले असतील.

दोन. डायमंड जोडप्यात वाटलं जातं, मुलीलाही तुमच्या पातळीचा फायदा मिळतो. आई-बाबांना नाही. त्यांची पहिलीच क्रूझ, त्यांचं खातं शून्यावरून सुरू होणार.

तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. क्राउन अँड अँकरचे पॉइंट संपत नाहीत, त्यांना मुदत नाही. साध्या केबिनमध्ये गेलात तर तुम्ही ७८ वर थांबाल. पुढची सफर झाली की ८५. म्हणजे डायमंड तुम्हाला मिळणारच आहे. ९०० डॉलर देऊन तुम्ही डायमंड विकत घेत नाही आहात, ते फक्त एक सफर आधी आणताय. मधल्या त्या एका सफरीत तुमचा फायदा किती? आपण आत्ताच काढला: २०० डॉलर. खोली मोठी हवी म्हणून स्वीट घेत असाल तर खुशाल घ्या, तो वेगळा आनंद आहे. पण पॉइंटसाठी असेल तर ९०० देऊन २०० घेताय.

आणि आता खोलीबद्दल. तुमचे बाबा सत्तरीचे, आईचे गुडघे दुखतात, असं तुम्हीच लिहिलंय. ही माणसं तुमच्यासारखी दिवसभर डेकवर फिरणार नाहीत. इंग्रजी कार्यक्रमांत त्यांचं मन किती रमेल, सांगता येत नाही. त्यांचा निम्मा दिवस खोलीत जाणार. आतल्या केबिनमध्ये दिवा बंद केला की दिवस की रात्र कळत नाही. ज्यांनी आयुष्यभर पहाटे उठून अंगणात बसून चहा घेतला, त्यांना बिनखिडकीच्या खोलीत सात दिवस ठेवून आपण पॉइंट जमवायचे? बाल्कनी असेल तर सकाळी दोघं खुर्चीवर बसून समुद्र बघतील. ज्यांनी सगळ्यात मोठं पाणी धरणाचं बघितलंय, त्यांच्यासाठी खरी क्रूझ तीच आहे.

म्हणून माझं मत: दोन्ही खोल्या बाल्कनीच्या, शेजारी-शेजारी, जहाजाच्या मध्यावर आणि लिफ्टजवळ. मध्यावर डुलणं कमी जाणवतं आणि आईंना चालायला कमी. ही निवड बुकिंग करतानाच करायची असते, तिला कुठलंही स्टेटस लागत नाही. बंदरावर व्हीलचेअर हवी असेल तर ती आधी कळवली की मिळते, स्टेटस लागत नाही. शाकाहारी किंवा जैन जेवणाची पसंती सफरीआधी कंपनीला लिहून कळवा आणि पहिल्या संध्याकाळी वाढणाऱ्याशी बोलून घ्या, त्यालाही स्टेटस लागत नाही. आई-बाबांचा वैद्यकीय विमा जहाजावर आणि दुसऱ्या देशाच्या बंदरावर चालतो का, हे पॉलिसी काढून वाचा. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल तुम्हालाच भरायचं असतं. उरलेल्या पैशातला पहिला हिस्सा तिकडे जाऊ द्या. आणि त्यांच्या व्हिसावर अमेरिकेतून बाहेर पडून परत येता येतं ना, वाटेतल्या देशांचे नियम काय, हे बुकिंगच्या आधी तपासा, नंतर नाही.

पैसे वाचवायचेच असतील तर त्याचाही रस्ता आहे. अमेरिकेत केलेल्या बुकिंगचं भाडं, शेवटचा हप्ता भरण्याच्या तारखेआधी उतरलं, तर बऱ्याचदा नव्या भावाने करून मिळतं. दर आठवड्याला एकदा भाव बघा. दोन खोल्यांवर शंभर-शंभर डॉलर सुटले तर तुमच्या डायमंडच्या कॉफीचे पैसे इथेच निघाले.

बाकीच्यांसाठी, घरी करायचा हिशेब

विमान असो, हॉटेल असो, क्रेडिट कार्डाचं लाउंज असो, कागद घ्या आणि चार ओळी लिहा.

पहिली ओळ: या सवलतींमधलं मी नाहीतरी स्वतःच्या पैशाने काय घेतलं असतं? फक्त तेच मोजा.

दुसरी ओळ: पुढच्या दोन वर्षांत मी हे किती वेळा वापरणार? मनातला आकडा लिहू नका, मागच्या दोन वर्षांत किती वेळा गेलो तो लिहा.

तिसरी ओळ: हे स्टेटस मला नाहीतरी कधी मिळालं असतं? ते जितकं लवकर येतंय, तेवढ्याच काळाची किंमत धरा.

चौथी ओळ: यासाठी जास्तीचे किती पैसे जातायत, आणि ते कुणाच्या वाट्याचे आहेत?

पहिल्या तिन्ही ओळींतून निघालेला आकडा चौथीतल्या पैशापेक्षा मोठा असेल तर बिनधास्त घ्या. लहान असेल तर सोडून द्या. चौथ्या ओळीचा दुसरा भाग मात्र कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये बसत नाही, तो घरात बसून बोलायचा असतो.

ह्यूस्टनचे दादा, काय ठरवलंत ते नक्की कळवा, आणि आई-बाबांना माझा नमस्कार सांगा. बाकी मंडळी, क्रेडिट कार्डावरच्या विमानतळ लाउंजबद्दल बरेच प्रश्न आलेत, पुढच्या भागात तेच घेऊ. तुमचे आकडे पाठवताना महिना आणि खर्च दोन्ही लिहा, म्हणजे हिशेब नीट करता येईल. भेटू.